भारी कोण?

आमच्या इमारतीत गेले आठ दिवस वरच्या टाकीत पाणी चढलेलं नाही. कोणी विचारलंच तर मी "मोटरचा काहीतरी प्रॉब्लेम आहे" असं पुटपुटून जिन्याने सटकतो. खरं कारण महाभारतात आहे, उद्योगपर्वात. ते तिथून निघून कोथरूडच्या आमच्या टाकीपर्यंत कसं पोचलं हे सांगायचं, तर सुरुवात एका टकल्या माणसापासून करावी लागेल.

भाचा सुट्टीला आला. सामान म्हणजे दोन टीशर्ट, एक टूथब्रश आणि प्लेस्टेशन. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घेऊन हॉलमध्ये आलो तर टीव्हीवर एक उघडाबंब, टकला, दाढीवाला इसम खांद्यावर कुऱ्हाड घेऊन बर्फातून चालला होता. अंग पांढरंफटक, त्यावर तांबडा पट्टा. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "भस्म फासलंय. शैव दिसतोय."

भाच्याने गेम थांबवला. जेवताना ताटात झुरळ दिसावं तसं माझ्याकडे बघितलं.

"मामा, तो क्रेटोस आहे. ग्रीक. आणि ते भस्म नाही. त्याच्या बायकोची आणि मुलीची राख आहे. शापामुळे अंगाला कायमची चिकटलीय."

आई पलीकडे मेथी निवडत होती. म्हणाली, "अगंबाई! विसर्जन नाही केलं?"

मग भाच्याने आम्हा दोघांना त्या गृहस्थाचं सेवापुस्तक वाचून दाखवलं. २००५ सालच्या पहिल्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये त्याने ग्रीकांचा युद्धदेव एरिस मारला. २०१० सालच्या तिसऱ्या भागापर्यंत समुद्राचा पोसायडन गेला, पाताळाचा हेडीस गेला आणि शेवटी खुद्द झ्यूस गेला, जो मधल्या काळात त्याचा बाप निघाला होता. ग्रीसमध्ये मारण्याजोगं कोणी उरलं नाही तेव्हा २०१८ साली त्याची बदली नॉर्वेकडच्या देवांच्या खात्यात झाली. आता बरोबर मुलगा असतो, आणि त्याला तो नावाने हाक न मारता बहुतेक वेळा नुसतं "पोरा" म्हणतो. आमचे अण्णा मला "अरे"च्या पुढे काही म्हणाले नाहीत, त्यामुळे इथे मला हा माणूस जरा जवळचा वाटला.

"म्हणजे सगळ्यात भारी हाच," मी म्हणालो.

एवढंच. दुपारी तीनपर्यंत आमच्या हॉलमध्ये समोरच्या विंगमधली दोन मुलं, पावसात भिजलेल्या सहा चपला आणि एक फळा होता.

त्यातला चष्मेवाला हा सुन वुकोंग या चिनी वानरराजाचा वकील. 'ब्लॅक मिथ: वुकोंग' हा चिनी गेम २०२४च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हापासून त्याने वुकोंगखेरीज कोणाचंही वकीलपत्र घेतलेलं नाही. त्याने फळ्यावर पहिलाच आकडा टाकला: १३,५००. वुकोंगच्या सोन्याच्या टोकांच्या सोट्याचं वजन, चिनी जिनमध्ये. जुन्या मापाने आठ टनांच्या आसपास.

"आणि नको असतो तेव्हा तो सुईएवढा करून कानात ठेवतो," तो म्हणाला.

"आठ टन? कानात?" आईने मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली. "कानात काडी घालू नकोस म्हणून मी तुला उभं आयुष्य सांगत आले."

भाचा आणि चष्मेवाला यांच्यातला तंटा मिटेना, म्हणून मला पंच नेमण्यात आलं. माझी पात्रता एवढीच की आमच्या कपाटात महाभारताच्या मराठी भाषांतराचे खंड आहेत. ते सासऱ्यांनी लग्नात दिले. पाच-सहा वेळा घर बदलताना मी ते उचलले, त्यामुळे ते माझ्या नावावर आहेत. वाचले असं मी कधी म्हटलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

पंचाला परिभाषा यावी लागते, म्हणून भाच्याने शिकवणी घेतली. कोण किती भारी याला पॉवर लेव्हल म्हणतात. हा शब्द गाजवला 'ड्रॅगन बॉल' या जपानी मालिकेने. तिच्यात एक यंत्र डोळ्याला लावलं की समोरच्याचं बळ आकड्यात दिसतं. आमच्या ऑफिसात हे यंत्र नाही, तिथे अप्रेझल असतं. मालिकेतल्या नायकाचं, गोकूचं, नाव म्हणजे सुन वुकोंगचाच जपानी उच्चार. आणि तिथला जगप्रसिद्ध आकडा ९०००, म्हणजे 'नऊ हजाराच्या वर!' असा आरडाओरडा. मूळ जपानीत मात्र तो ८००० होता, इंग्रजी करताना हजाराने वाढला. म्हणजे ज्या शास्त्राच्या आधारे पोरं हमरीतुमरीवर येतात, त्याच्या पायाभूत आकड्यातच भाषांतरकाराने हजार घुसडलेत. आमच्या वाण्याच्या वहीत असं झालं असतं तर मी पोलिसात गेलो असतो.

पहिली फेरी उडीची. तिच्यात क्रेटोस बाद झाला. झ्यूसला लोळवणाऱ्या या माणसाला २०१८च्या गेममध्ये मनाला येईल तेव्हा उडी मारता येत नाही. उडीचं बटणच काढून टाकलंय. पूर्वीच्या भागांत तो हवेत दुबार उडी घ्यायचा, आता गुडघाभर उंचीचा कठडा दिसला की विचारात पडतो. दगडी दार उचलायचं तर भाच्याने ठरलेलं बटण ताडताड दाबत राहायचं. मी हे नजरेस आणून दिलं तर म्हणतो, "मामा, गेमप्ले वेगळा, लोअर वेगळा." लोअर म्हणजे दंतकथा, आख्यायिका, पुराण. थोडक्यात, कागदावर तो पर्वत हलवतो, प्रत्यक्षात कठड्यापाशी थांबतो. माझं प्रमोशन कोणत्या निकषावर झालं ते मला त्या क्षणी कळलं.

वुकोंगची एक कोलांटी १ लाख ८ हजार ली जाते. एक ली अर्धा किलोमीटर धरला तर ५४ हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४० हजार. म्हणजे त्याला इथून स्वारगेटला जायचं असलं तर तो सबंध पृथ्वीला वळसा घालून, कोथरूड मागे टाकून, आणखी चौदा हजार किलोमीटर पुढे उतरणार. रिक्षावालेसुद्धा इतकं फिरवत नाहीत.

"आणि मारुतीराय?" आईने विचारलं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण पंचाच्या खुर्चीत बसल्यावर माणसाला आकडे स्फुरतात. "शंभर योजनं. योजन बारा-तेरा किलोमीटर धरलं तर बाराशे-तेराशे."

"बाराशे विरुद्ध चोपन्न हजार!" चष्मेवाला टाळ्या पिटत ओरडला.

आईने मेथी उचलली आणि आत निघून गेली. रात्री पानात मेथी नव्हती, दुधीभोपळा होता.

अपील दाखल करून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या रात्री मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. उडीत मार खाल्ला तरी मारुतीकडे द्रोणागिरी आहे. डोंगराचं वजन निघालं की निकाल फिरतो. द्रोणागिरी काही पाहिलेला नाही, म्हणून अंदाजाला पर्वती घेतली. उंची ८० मीटर धरली, पायथ्याची त्रिज्या २०० धरली, शंकूचं सूत्र माझ्या नववीतल्या मुलीकडून घेतलं, घनफळ काढलं आणि त्याला काळ्या पाषाणाच्या घनतेने गुणलं. साधारण एक कोटी टन. त्यापुढे आठ टनांची काठी म्हणजे उदबत्ती! मी आनंदाने बायकोला उठवलं.

"एक कोटी टन! एका तळहातावर!"

तिने डोळे न उघडता विचारलं, "भेळेच्या गाड्या धरल्या का?" आणि कूस बदलली. मग पुन्हा, "उद्या सिलेंडर बदलायचाय. मागच्या वेळेस कंबर धरली होती ना तुमची?"

सिलेंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो. टाकीचं लोखंड धरून तीसच्या आत-बाहेर. ही माहिती मला हाडवैद्याकडच्या बाकावर बसल्यामुळे पाठ आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना मी दोनदा थांबतो आणि दोन्हीदा 'काय व्ह्यू आहे!' म्हणतो. पण त्या रात्री मी तीच पर्वती तळहातावर तोलत होतो आणि कंबरेला काही होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निकाल फिरवला. शिवाय वुकोंग एवढी कोलांटी मारूनही बुद्धाच्या तळहाताबाहेर पडू शकला नव्हता, आणि मारुती जिथे जायचं तिथेच उतरला, हेही निकालपत्रात नमूद केलं. पानात मेथी आली. चष्मेवाला मात्र बिथरला. "बुद्धाने त्याला नर्फ केलं होतं!"

नर्फ म्हणजे काय ते मुलीने समजावलं. एखादं पात्र फार डोईजड झालं की कंपनी नवा पॅच काढून त्याचं बळ कापते, तो नर्फ. वाढवलं तर बफ. 'स्माइट' नावाच्या अमेरिकन गेममध्ये काली, गणपती, वामन यांना थॉर आणि झ्यूसबरोबर एकाच रिंगणात सोडलेलं आहे, आणि तिथे देवांचं बळ असं अधूनमधून खालीवर होत आलंय.

मला एकदम लख्ख दिसलं. यात नवीन काय आहे? शाप म्हणजे नर्फ. वर म्हणजे बफ. उःशाप म्हणजे बोंबाबोंब झाल्यावर घाईघाईने काढलेला दुरुस्ती-पॅच. बाल मारुती ऋषींच्या खोड्या काढायला लागला तेव्हा त्यांनी त्याचं बळ त्याच्याच ध्यानात राहणार नाही अशी व्यवस्था केली, आणि समुद्रकाठी जांबवंताने नुसती आठवण करून दिल्याबरोबर ते परत चालू झालं. ऋषिमुनी ही आपल्याकडची डेव्हलपर मंडळी. जंगलात बसायची, दाढ्या वाढवायची, कोणी हटकलं की भडकायची. भाचा म्हणाला हे वर्णन अगदी बरोबर आहे.

एवढ्या यशाने मी चढलो. पंचाला मैदानाचा अनुभव हवा म्हणून एका रात्री कंट्रोलर हातात घेतला. आधी 'राजी' काढला. २०२० सालचा, आपल्या पुण्यातल्या मंडळींनी केलेला गेम. राखीपौर्णिमेला धाकट्या भावाला राक्षस पळवतात आणि सर्कशीत वाढलेली राजी दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते. माझी राजी राक्षसांपर्यंत पोचलीच नाही, वाटेतल्या कठड्यांवरून पडत राहिली. त्या पोरीचे हाल बघवेनात. म्हणून 'हेडीस' काढला. त्यात पाताळदेवाचा मुलगा बापाचं घर सोडून वर पळायचा प्रयत्न करतो आणि मेला की पुन्हा घरातच उगवतो. यात नवशिक्यांसाठी 'गॉड मोड' आहे. तो लावला की अंगावर येणारा मार सुरुवातीलाच २० टक्के कमी होतो, आणि प्रत्येक मरणामागे आणखी २ टक्के, असं करत ८० टक्क्यांवर थांबतो. चौथ्या रात्री मी मुलांना सांगितलं की मी ८० टक्क्यांवर पोचलोय.

भाच्याने मनातल्या मनात भागाकार केला. "मामा, म्हणजे तुम्ही तीस वेळा मेलात. देव होऊन."

"पण कुठपर्यंत पोचलात?" चष्मेवाल्याने विचारलं.

पहिल्याच दाराशी मेगिरा नावाची चाबूकवाली बाई उभी असते. तिथपर्यंत.

यानंतर माझी प्रतिष्ठा सावरायची तर काहीतरी मोठा निकाल देणं भाग होतं. त्या रविवारी मुलीने कर्णाचा विषय काढला. ती 'फेट/ग्रँड ऑर्डर' खेळते. जपानी गेम, २०१५ पासून चालू. त्यात कर्ण भालाईत आहे, अर्जुन धनुर्धर, दोघांनाही पाच तारे. बळ, चिवटपणा, चपळाई अशी प्रत्येकाला अक्षरांत श्रेणी असते, आणि चक्क नशिबालासुद्धा. कर्णाच्या नशिबाला श्रेणी देणारा तो कारकून मला एकदा भेटायचाय.

"बाबा, कर्णाएवढे नर्फ कोणालाच नाहीत," ती म्हणाली. "परशुरामाचा एक, त्या ब्राह्मणाचा एक, वर इंद्राने कवचकुंडलं नेली. नर्फ काढले तर कर्णच भारी."

"पुराव्याने बोलू," म्हणत मी उद्योगपर्वाचा खंड काढला.

इथे दुसऱ्या मजल्यावरच्या अप्पांची ओळख करून द्यायला हवी. अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. इमारतीची पाण्याची मोटर गेली अठरा वर्षं तेच चालवतात, बिनपगारी. रोज पहाटे साडेपाचला खाली उतरतात. ती मोटर जुनी आहे, रात्रीतून हवा धरते. अप्पा आधी तिच्यात तांब्याने पाणी ओततात, मग कान लावतात, मग पान्याने पाइपावर दोन टोले देतात, आणि मगच हिरवं बटण दाबतात. ती घुर्र करून लागते. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ साली आलं तेव्हा अप्पा कॉलेजात होते, आणि तेव्हापासून त्यांनी कर्णाबद्दल कोणाचंही काही ऐकून घेतलेलं नाही. त्यांच्या स्कूटरवर 'राधेय' लिहिलेलं होतं. ती विकताना त्यांनी ती अक्षरं खरवडून काढली, म्हणाले गिऱ्हाईक कसा निघेल सांगता येत नाही.

तर मी खंड उघडला आणि त्याच वेळी अप्पा आमचा पेपर परत द्यायला दारात आले. मी पाठमोरा होतो.

"ऐका," मी मोठ्याने म्हणालो. "युद्धाच्या आधी दुर्योधन भीष्मांना विचारतो, दोन्ही सैन्यांत कोण किती भारी ते सांगा. भीष्म एकेकाची नावं घेऊन सांगतात, हा रथी, तो अतिरथी, तो महारथी. म्हणजे मुलांनो, तुमची ती टियर लिस्ट. आणि कर्ण आला की म्हणतात, हा धड रथीही नाही. अर्धरथी."

हॉलमध्ये कोणी बोलेना. भाचा माझ्या मागे बघत होता.

"कोण अर्धरथी?" दारातून आवाज आला.

"अहो अप्पा, मी नाही म्हणत. भीष्म म्हणतात."

"पण वाचलंत तुम्ही."

इथे थांबायचं असतं. मी म्हणालो, "द्रोणांनीही दुजोरा दिलाय."

अप्पांनी पेपरची घडी शांतपणे टीपॉयवर ठेवली. "प्रक्षिप्त असणार. कोणीतरी मागाहून घुसडलंय."

"भांडारकर संस्थेच्या प्रतीतही आहे, अप्पा. १९१९ ला काम सुरू केलं, १९६६ ला पुरं झालं. शेकडो हस्तलिखितं ताडून बघितली त्यांनी."

"सत्तेचाळीस वर्षं बसले," अप्पा म्हणाले, "आणि नेमकं हेच गाळायचं राहिलं?"

"म्हणजे ते कॅनन आहे," चष्मेवाला भाच्याच्या कानात कुजबुजला. ते अप्पांना ऐकू गेलं. कॅनन म्हणजे अधिकृत कथा. शब्द कळला नसावा, पण सूर कळला.

मूळ कथेत अर्धरथी म्हटल्यावर कर्ण भडकतो आणि भीष्म पडेपर्यंत शस्त्र धरणार नाही असं सांगून तंबूत जाऊन बसतो. मी तेही वाचून दाखवणार होतो. तोवर अप्पांनी खिशातून मोटरच्या खोलीची किल्ली काढून टीपॉयवर, पेपरवर ठेवली.

"उद्यापासून महारथींनी मोटर लावावी," म्हणाले आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तांब्या घेऊन खाली गेलो. पाणी ओतलं. कान लावला, कानाला ग्रीस लागलं. पाइपावर दोन टोले दिले, बटण दाबलं. मोटर लागली, पण नुसतीच, पाण्याशी तिचं काही देणंघेणं नसल्यासारखी. मी तीन टोले देऊन पाहिले. चार. पाचव्याला वॉचमनने येऊन विचारलं, "काय तोडताय साहेब?" भाचा म्हणाला मामा, वेळ चुकतेय, टोल्यानंतर अर्धा सेकंद थांबून बटण दाबा. त्यानेही दाबून पाहिलं. ताडताड दाबून पाहिलं. झ्यूसला मारलेला हात, पण थेंब चढला नाही. तिसऱ्या दिवशी प्लंबर आणला. त्याने मोटरभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "अप्पा गावाला गेलेत का?"

त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो.

"अप्पा, मी निकाल बदलतो. अतिरथी देतो."

"मला काय करायचंय? कर्णाला द्या."

"कर्णालाच दिला."

"लेखी द्या. सोसायटीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी."

सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले लेटरहेडवर काही द्यायचं तर ठराव लागतो, ठरावाला सभा लागते, सभेला नोटीस लागते आणि विषयपत्रिकेत 'कर्णाची श्रेणीवाढ' असं घालता येणार नाही. 'ऐनवेळच्या विषयांत' घ्यावं लागेल. शिवाय सेक्रेटरी स्वतः अर्जुनवाले निघाले.

मुलांचा वाद आता संपलाय. मोटरच्या खोलीच्या दारावर कोणीतरी खडूने यादी लिहिलीय. सगळ्यात वर अप्पा, त्याखाली मारुती आणि वुकोंग बरोबरीत, मग कर्ण, मग क्रेटोस. तळाशी मी आहे. नावापुढे पाव रथ काढलाय, एकाच चाकाचा.

भीष्म दहाव्या दिवशी पडले आणि कर्ण अकराव्या दिवशी मैदानात उतरला. आज आठवा दिवस आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, सकाळच्या दहा बादल्या मी वर नेतो. खालच्या नळाला पाणी साडेनऊपर्यंतच असतं आणि आता नऊ वाजून दहा मिनिटं झालीयत.